बेस नाही वाटून राह्यलं

मुक्काम सोनाळा,
आखाजीच्या आधीचा आठवडा

तीर्थरूप जनका आत्याच्या पायांवर डोकं ठेवून प्रेमानंदचा दंडवत.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आई बोलते पण डोळ्याला पदर लावून बोलते, आणि म्हैस तेवढी खुशाल आहे. तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्यांना तेल लावतेस का? आणि मुख्य म्हणजे कानाचं मशीन लावतेस, की ते अजून देव्हाऱ्यातच ठेवलं आहे? (आत्या, ते मशीन कानात घालायचं असतं. त्याला हळदकुंकू वाहून ऐकू येत नाही.)

आता तू म्हणशील, हा पोरगा फोन करायचा सोडून कागद काऊन लिहून राह्यला? तर माझा फोन आमच्या वावरातल्या विहिरीत आहे. तो तिथं कसा गेला ते ओघात येईलच. दुसरं असं की, तू जन्मभर अंगणवाडीत पोरांकडून अक्षरं गिरवून घेतलीस, तुझे डोळे अजून शाबूत आहेत; पण तुझ्या कानात टाकलेला शब्द पलीकडून कोणता होऊन बाहेर पडेल, याची मला धास्ती बसली आहे. म्हणून अक्षर मोठं काढून लिहितो. चष्मा लाव, दार लोटून घे आणि मनात वाच. (तू मनात वाचतेस असं तुला वाटतं. गल्लीला सगळं ऐकू येतं.)

पत्राचा विषय एवढाच की माझ्या व्हॅनमध्ये एक सबवूफर आहे, तो ठेवावा की विकावा, याबद्दल वडीलधाऱ्या माणसाचा सल्ला हवा. सबवूफर म्हणजे वरातीत जे कानात न वाजता छातीत वाजतं ते. बाकी माझं तुझ्याकडे काही काम नाही. तुझ्या गल्लीतल्या कडूबा काकाच्या पोरीचा, राखीचा, तर या पत्राशी काडीचा संबंध नाही. ती तुझ्यापासून तीन घरं सोडून राहते हा निव्वळ योगायोग आहे. तिचं नाव मी या पत्रात काढणार नाही.

राखी आणि मी कॉलेजात एकाच वर्गात होतो, हे तुला माहीत आहे. मी कॉलेज का सोडलं, हे मात्र मी घरी खोटं सांगितलं आहे, आणि खरं सांगितलं तर ते खोट्याहून वाईट दिसेल. एका पोरानं गेटवर राखीला कसल्याशा नावानं हाक मारली. तिनं ऐकलंसुद्धा नव्हतं. मी मात्र ऐकलं आणि नोटीस बोर्डाची काच फोडली. (पोराचं डोकं फोडायचं होतं, तो खाली वाकला.) सरांनी माफी लिहून मागितली, तेव्हा मी सगळ्या पोरांसमोर शपथ घेतली की पुन्हा या कॉलेजात पाऊल ठेवणार नाही. म्हणजे जिथं ती रोज येते, नेमक्या त्याच जागी न जायची शपथ मी घेतली. एवढा मी हुशार. पुढच्याच आठवड्यात भौतिकशास्त्राचा ध्वनीवरचा धडा सुरू होणार होता, असं नंतर कळलं. तो धडा शिकलो असतो तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती, असंही कधीकधी वाटतं. राखी बस स्टँडवर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "शपथ तू घेतली, अन् सजा मले काऊन बे?" तिला कसली सजा, हे मला तेव्हा समजलं नाही. मी म्हणालो, "तुले काय सजा? तुह्यं तर कॉलेज चालूच हाय." ती समोर आलेल्या पहिल्या बसमध्ये चढली. ती बस तिच्या गावाची नव्हती.

तर मग बाबांनी ही जुनी व्हॅन घेऊन दिली आणि मी भाड्यानं फिरवू लागलो. लग्नाचे पाहुणे, दवाखान्याचे पेशंट, जे मिळेल ते. गेल्या माघात कडूबा काकाचा निरोप आला की दुसरबीडला जायचं आहे, घरची मंडळी आहेत, गाडी घेऊन ये. मी गाडी धुतली, सीटवर स्वच्छ चादर टाकली, अगरबत्ती लावली. चिखलीच्या पुढे गेल्यावर काकानं पान तोंडात टाकून सांगितलं की दुसरबीडला राखीच्या मावशीकडे पाहुणे तिला पाहायला येणार आहेत. आत्या, माझ्याच गाडीतून, मीच लावलेल्या अगरबत्तीच्या वासात, मी तिला दुसऱ्याला दाखवायला नेत होतो. माझी व्हॅन जास्त पळत नाही, नाहीतर त्या दिवशी मी ती कुठं घातली असती ते सांगता येत नाही.

आता इथं नीट लक्ष दे, कारण सगळं इथंच फिरलं. माझ्या गाडीत तेव्हा दारातले दोनच स्पीकर होते, त्यातला एक फाटलेला. गाणं लागलं होतं, पण पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. गाडीतलं कुणीच बोलत नव्हतं, आणि मला तिचा आवाज ऐकल्याशिवाय दुसरबीड येऊ द्यायचं नव्हतं. म्हणून आरशात बघून विचारलं, "कसं वाटून राह्यलं मागं?" राखीची आई झोपलेली. राखीनं आरशातच माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली:

"मले काही बेस नाही वाटून राह्यलं."

कडूबा काका लगेच मागं वळला. "काऊन? उलटी होते का? लिंबू चाट." आणि त्यानं खिशातून लिंबू काढून दिलं. त्याच्या मते पोरीला गाडी लागली होती. माझ्या मते ती स्पीकरबद्दल बोलली. गाण्याला बेस नाही, म्हणजे खालचा घुमणारा आवाज नाही; अगदी खरं होतं, नव्हताच. मला उलट अभिमान वाटला की पोरीला कान आहे! पुढच्या सीटवर दोन पुरुष बसले होते, आणि एकानं लिंबू काढलं आणि दुसऱ्यानं सबवूफर घ्यायचं ठरवलं. ती लिंबू हातात धरून दुसरबीडपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. चाटलं नाही.

परत आल्यावर मी थेट जळगाव जामोदला वकारभाईच्या दुकानात गेलो. वकारभाई गाड्यांचे टेप आणि सीट कव्हर बसवतो, आणि त्याची आई, बिस्मिल्ला खाला, दुकानामागच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवते, आणि तुमच्या गल्लीतली प्रत्येक खबर तिला आधी कळते. मी म्हणालो, स्वस्तातला पण दणका देणारा सबवूफर पाहिजे. त्यानं तीन-चार डबे समोर मांडले. सगळ्यात स्वस्त डब्यावर सगळ्यात मोठा वॅटचा आकडा छापलेला होता. मी लगेच तोच उचलला, तर वकारभाई हसला. "भाऊ, हे वॅट म्हणजे लग्नाच्या बायोडाट्यातला पगार. कागदावर लाख, हातात काय येते ते लग्न झाल्यावर समजते. बारीक अक्षरात आरएमएस लिहिलं असते, तो खरा पगार." मी बारीक अक्षर शोधलं. त्या डब्यावर ते नव्हतंच.

मग प्रश्न आला डब्याचा. सबवूफरला लाकडी पेटी लागते. एक पूर्ण बंद असते, दुसरीला भोक असतं. बंद पेटी कमी बोलते पण नेमकं बोलते, आणि भोकवाली मोठ्यानं बोलते पण घोळ घालते. वकारभाई म्हणे, तुझ्या छोट्या गाडीला बंद पेटी घे. मी म्हणालो, मला मोठ्यानं पाहिजे. तो म्हणे, कोणाले ऐकवाचं हाय? मी म्हणालो, कोणाले नाही. तो म्हणे, मंग भोकवालीच घे, कोणाले नाही ऐकवाचं असते त्यालेच जास्त आवाज लागते. (वकारभाई असा बोलतो. पण वायर जोडताना त्याचं लक्ष नेहमी दुसरीकडे असतं, हे पुढे कळेल.) शेवटी नवं काही परवडेना, म्हणून एका बंद पडलेल्या डीजेच्या गाडीतली जुनी सिस्टीम घेतली: पेटी, आत दहा इंची सबवूफर, बाजूला त्याला ताकद देणारा अँप. सुरुवातीला ती मुकी होती. वकारभाईनं पेटीला दोन बुक्क्या हाणल्या, तेव्हा बोलली. आणि काय बोलली, आत्या! दुकानाचं शटर थरथरलं, हेडलाइट प्रत्येक ठोक्याला डोळे मिचकावू लागले. मला वाटलं, आता राखी परत गाडीत बसली की म्हणेल, बेस हाय.

त्या आनंदात मी तुला फोन केला. तो फोन तुला आठवत असेल. मलाही आता रोज आठवतो. मी म्हणालो, "आत्या, सिस्टीम आणली!" तू म्हणालीस, "बाई बाई! कवा?" मी म्हणालो, "आजच. बाबाले न विचारता." तू विचारलंस, "कोणाची हाय?" मी म्हणालो, "कंपनीची नाही, लोकलच हाय." तू म्हणालीस, "लोकलच बरी, बोलणं तरी समजते." मला तेव्हा वाटलं, आत्याला या क्षेत्रातलं बरंच कळतं. मग मी सांगितलं की सेकंडहँड आहे, एकाकडे आधी होती, पण चालते. तू म्हणालीस, "लय मोठं मन हाय तुह्यं, पोरा. घेऊन ये, पाह्यतो तिले." मी म्हणालो, येतोच. आणि फोन ठेवल्यावर तू सिस्टीमची सून करून गल्लीत घरोघरी साखर वाटलीस. कडूबा काकाच्या घरीसुद्धा. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी इकडे पेटीवर रेग्झिन चढवत होतो.

मधे एक गोष्ट झाली, ती सांगू की नको असं वाटतं. पण सल्ला मागायचा तर सगळं सांगावं लागेल. आमच्या गावातल्या शालूबाईचा नवरा अकोल्याला दवाखान्यात वारला. दुसरी गाडी मिळेना, म्हणून मला बोलावलं. मागची सीट आडवी केली, तिच्यावर आणि पेटीवर मिळून फळी टाकली, आणि त्यावर त्याला ठेवला. शालूबाई शेजारी बसली. टेप मी बंद केला होता, आत्या, देवाशपथ बंद केला होता. पण वकारभाईनं अँप टेपला न जोडता सरळ चावीला जोडला होता, आणि एक वायर ढिली ठेवली होती. तेल्हाऱ्याच्या पुढे खड्डे लागले आणि ती वायर हलू लागली. गाणं नाही, काही नाही. नुसतं खालून धप् धप्, धप् धप्. मला इंजिनाच्या आवाजात आधी कळलंच नाही. शालूबाईचा हात त्याच्या छातीवर होता. ती एकदम किंचाळली, "धडधड हाय! अवो, जित्ते हायेत! गाडी थांबवा!"

मी गाडी थांबवली. इंजीन चालूच होतं आणि त्याच्यासोबत गाडी थरथरत होती, त्यामुळे वायरही हलतच होती. तिच्या दिरानं छातीवर हात ठेवला, त्यालाही लागलं, तोही ओरडला. मला तेव्हा कळलं की काय झालंय. पण शालूबाईचं तोंड मी आरशात पाहिलं आणि चावीवर ठेवलेला हात माझ्यानं फिरवला जाईना. ती त्याचे गाल चोळत होती, त्याला नावानं हाक मारत होती. कधी नाव घेतलं नसेल तिनं त्याचं. मग मी चावी फिरवली. धडधड थांबली. म्हणजे तो माणूस एकदा दवाखान्यात मेला आणि एकदा माझ्या हातानं. मी पाया पडून सांगितलं की वहिनी, हे असं असं होतं. मला कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. शालूबाई एवढंच म्हणाली, "घरापावतर राहू द्याचं होतं रे." त्यानंतर मी वायर कापली, आणि ही गोष्ट गावात पसरल्यापासून मला कुणी भाडं दिलेलं नाही. शहाण्या माणसानं त्याच दिवशी ती पेटी नदीत टाकली असती. पण राखीनं अजून ती ऐकली नव्हती.

म्हणून वकारभाईला चार शिव्या देऊन वायरी नीट करून घेतल्या आणि मी तुझ्या गल्लीत आलो. तू घरी नव्हतीस, बचत गटाला गेली होतीस. कडूबा काका ओट्यावर बसला होता. दार उघडं होतं आणि दाराआड राखीचा पाय दिसत होता. (पाय मी ओळखतो. कसा, ते विचारू नको.) मी गाडी उभी केली आणि उतरलो. त्यानंतरचं बोलणं मी शब्दाला शब्द लिहितो, कारण आता ते मला पाठ झालं आहे.

"काय प्रेमानंद, आणली म्हणते."

"हाव काका, आणली."

"बापाले नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर आणू देली असती का? आता बोलत नाहीत माह्याशी. घरातही घेऊ देत नाहीत तिले."

"मंग कुठं हाय?"

"गाडीतच हाय. हे काय, मागं."

आता इथं कडूबा काकानं गाडीत डोकावून पाहिलं असतं, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तो सभ्य माणूस. परक्याच्या बायकोकडे टक लावून पाहू नये म्हणून त्यानं मान खाली घातली. माणसाच्या सभ्यपणानं माझं इतकं नुकसान आजवर झालेलं नाही.

"आधी कोणाजवळ होती म्हणे?"

"एका डीजेवाल्याजवळ. लय हाल केले त्यानं. रातंदिवस राबवली, मंग जीव गेल्यावानी झाली तं देली विकून."

"विकून!" काकानं ओट्याचा खांब धरला.

"हाव ना. वकारभाईनं घेतली, त्याच्यापासून मी. पहिले तोंडातून आवाजच काढे ना. मंग वकारभाईनं दोन बुक्क्या हाणल्या, तवा बोलली. आता मी रोज वाजवतो."

"रोज?"

"रोज. गावाबाहेर नेऊन. घराजवळ वाजवली की लोक जमते. आता वाजवून दाखवू का?"

कडूबा काका उभा राहिला. "चालता हो," तो म्हणाला, "माह्या दारापुढून चालता हो." मला वाटलं, म्हाताऱ्याला मोठा आवाज सोसत नाही. मी म्हणालो, एकदाच काका, आणि गाडीत बसून बटण दाबलं. गल्लीतल्या ताटल्या वाजल्या. त्या दणक्यात घरातून राखीचा आवाज आला. ती बापाला काहीतरी सांगत होती. मला त्यातले फक्त दोन शब्द ऐकू आले, पण ते स्पष्ट ऐकू आले:

"बेस हाय."

आत्या, त्या दिवशी मी सोनाळ्यापर्यंत गाडी चालवत नाही, तरंगत गेलो. वाटेत उतरून एका अनोळखी माणसाला उसाचा रस पाजला. घरी येऊन बाबांच्या पाया पडलो; ते बोलले नाहीत, पण दचकले. सबंध जिल्ह्यात त्या दिवशी माझ्याइतका सुखी माणूस नसेल, आणि माझ्याइतका गाढवही.

दोन दिवसांनी पेटीचा एक स्क्रू ढिला झाला म्हणून वकारभाईकडे गेलो. बिस्मिल्ला खाला ओट्यावर बोरं निवडत होती. तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काऊन रे, बायकोले मारते म्हणे तू?" मी म्हणालो, "कोणती बायको?" ती म्हणे, "तेच, जनकाबाईनं साखर वाटली तिची." मग एकेक करून सगळं निघालं. तुझी साखर. कडूबा काकानं गल्लीभर सांगितलेलं माझं बोलणं. मी हसू लागलो. म्हणालो, खाला, लोक येडे हायेत, पण राखी नाही. तिनं तर सिस्टीम ऐकून स्वतः सांगितलं, बेस हाय. आणि दुसरबीडच्या रस्त्यावर तीच बोलली होती ना, बेस नाही म्हणून! खाला आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू गेलं, आणि तिनं माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. "हे गाडी बेस हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "खाला, सिस्टीम तं बंद हाय. न ऐकता कसं म्हणून राह्यली?" ती म्हणाली, "अरे येड्या, ऐकाचं काय त्यात? बेस म्हणजे बेस. बरी, चांगली. पोरीले तवा ती सोयरीक बेस नाही वाटली. तुले सांगून राह्यली होती ते. अन् आता बापानं दुसरबीडच्याइले काय कळवू म्हणून विचारलं, तं म्हणे बेस हाय. आखाजीले साखरपुडा हाय तिचा."

मी जन्मल्यापासून हा शब्द बोलतो, आत्या. जेवण बेस झालं, पाऊस बेस झाला. गाडीत स्पीकर आल्यापासून मी तो शब्द विसरलो. ती समोर बसून आपल्या बोलीत सांगत होती की मला वाचव, आणि मी वॅट मोजत होतो.

तिथून तसाच तुमच्या गल्लीकडे पळालो. पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुला वेगळंच ठाऊक असेल. तोंडावरच कडूबा काका आणि त्याचे दोन भाऊ आडवे आले. बायकोवर हात टाकणाऱ्याला इथं जागा नाही, म्हणाले. मी म्हणालो, मला बायकोच नाही. ते म्हणाले, टाकून पण दिली का? माझं डोकं फिरलं आणि मी त्याच्या धाकट्या भावाची कॉलर धरली. ज्या माणसाला आपण मारकुटे नाही हे पटवायचं आहे त्यानं नेमकं हेच करू नये, हे मला जमिनीवर पडल्यावर सुचलं. पुन्हा दिसलास तर तंगडं मोडू, असं त्यांनी सांगितलं आणि ते मोडतील. आणि तू त्या वेळी खिडकीतून हात हलवून आनंदानं ओरडत होतीस, "सूनबाईले नाही आणलं का रे?"

राखीचा फोन बंद आहे. म्हणून वावरात येऊन तुलाच लावला. विहिरीच्या काठावर उभा राहून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "आत्या, सून नाही! सिस्टीम! सिस्टीम! सून नाही!" तू शांतपणे म्हणालीस, "नाही नांदत का? समजून घे तिले, नवीन हाय." तर फोन विहिरीत असा गेला.

तुझ्यावर माझा राग नाही. (होता. फोन बुडाल्यावर तो विहिरीवर गेला आणि आता तिच्यावरून घरी आला आहे.) दुसरबीडचा मुलगा चांगला आहे म्हणतात. शाळेवर आहे, सुपारीसुद्धा खात नाही. तेच वाईट आहे. दारुडा असता तर काहीतरी करता आलं असतं. ती सुखी होईल. मी तिला विसरलो आहे. पेटी मी काढून वकारभाईला परत दिली आहे, त्यामुळे मनही हलकं आणि गाडीही हलकी. बाकी ठीक. गुडघ्यांना जप. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि सबवूफर ठेवावा की विकावा ते सवडीनं कळव.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. वर पेटी परत दिली असं लिहिलं आणि लगेच सल्लाही मागितला, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. परत दिलेली नाही. विसरलोही नाही. सल्ला नको. आत्या, तू उठ आणि तीन घरं सोडून जा. तुला कुणी अडवणार नाही. त्या गल्लीत तूच एक आहेस जिचं तंगडं मोडायची कुणाची छाती नाही. राखीला एकटीला गाठ आणि सांग की प्रेमानंदनं सून नाही आणली, सिस्टीम आणली. मारलं ते पेटीला, आणि तेही वकारभाईनं. खबर तूच पसरवलीस, ती तुझ्याच तोंडून परत फिरेल. माझ्या तोंडाला आता किंमत नाही. आखाजीच्या आधी जा.

ता. क. दुसरा. पत्रासोबत वकारभाई कानाच्या मशीनचे सेल देईल. ते देवापुढे ठेवू नको.

ता. क. तिसरा. मग तिला विचार, दुसरबीडच्या रस्त्यावर तुला काय बेस वाटत नव्हतं: स्पीकर, तब्येत, की सोयरीक? स्पीकर म्हणाली, तर काही बोलू नको, चहा घे आणि परत ये. मी शालूबाईसारखी धडधड ऐकून बसलो असेन, तर चावी तूच फिरव. घरापर्यंत राहू देऊ नको.

ता. क. शेवटचा. तिचं उत्तर तू ऐकून मला सांगू नको, तुझ्या पाया पडतो. या शेवटच्या कागदाची मागची बाजू कोरी सोडली आहे, त्यावर तिच्याच हातानं लिहून घे. वकारभाई बाहेर थांबेल. आणि नुसतं "बेस हाय" लिहून दिलं, तर उठू नको, आत्या. तिथंच बसून राहा आणि विचार, "काय बेस हाय, पोरी?"